मोटर पुन्हा पुन्हा शिंकते: तीन कार्ब्युरेटर आणि एक उलटा स्क्रू

आधी तक्रार सांगतो. तुमचीही हीच असेल तर पुढे वाचा, नसेल तर तुमचा वेळ वाचला.

टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावायची, ६० हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर एकावर एक आणि प्रत्येकाला स्वतःचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग. न्यूट्रलला चालू राहते, पण लय नाही. दोन ठोके नीट आणि तिसरा गाळलेला. गिअर टाकला की आचका देऊन बंद पडते. नाही पडली, तर हळूहळू रेस वाढवताना शिंकते. शिंकते म्हणजे अक्षरशः शिंकते. कार्ब्युरेटरच्या तोंडातून 'फच्' करून पेट्रोलची वाफ उलटी बाहेर येते. मात्र एकदा दोन-अडीच हजार आरपीएमच्या वर गेली की काही झालंच नव्हतं अशा थाटात पळते. पूर्ण रेसला टॅकोमीटर नेहमीचाच आकडा दाखवतो. कार्ब्युरेटर उघडून साफ केले, सेटिंग केलं, की सुधारते. मग काही दिवस जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी काही बोटींचा मेकॅनिक नाही. नाशिकच्या सातपूरला टूलरूममध्ये २२ वर्षं काढली आहेत, डाय आणि जिग हे माझं रोजचं काम. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला काही पोरं रोइंगचा सराव करतात, त्यांच्यासोबत एक सेफ्टी बोट फिरते. तिच्या मोटरीची देखभाल माझ्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. मोटर जुनी, मालवणहून आणलेली. पहाटेच्या थंडीत एखाद्याची होडी उलटली तर त्याच्यापर्यंत मिनिटाभरात पोचायचं असतं, तेव्हा गिअर टाकताच बंद पडणारी मोटर ही नुसती कटकट नाही. नाशिककरांना पाण्याची थट्टा सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदापात्रातला दुतोंड्या मारुती पुरात बुडालेला आपण सगळ्यांनी पाहिलाय.

पहिली तक्रार डिसेंबरात आली. सकाळी साडेसहाला मोटर थरथरते, शिंकते. अकरा वाजता तीच मोटर शहाण्यासारखी चालते. याचं कारण अगदी खरं आणि साधं होतं. मिश्रणाचे स्क्रू मागच्या मे महिन्यात लावलेले होते. मेच्या दुपारी इथे पारा ४० च्या आसपास, डिसेंबरच्या पहाटे धरणावर ८-९ अंश. थंड हवा घट्ट असते. एवढ्या फरकात हवेचं वजन ११ टक्क्यांनी वाढतं. कार्ब्युरेटर त्या प्रमाणात पेट्रोल वाढवत नाही, निम्म्याच्या आसपास वाढवतो. म्हणजे मिश्रण पाच-साडेपाच टक्क्यांनी पातळ होतं, मोटर भुकेली राहते आणि शिंकते. त्यातून पायलट जेटमध्ये, म्हणजे आयडलला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्रात, जुन्या पेट्रोलचा डिंक बसलेला होता. मी तिन्ही कार्ब्युरेटर उतरवले, जेट धुतले, मधल्या कार्ब्युरेटरचं बटरफ्लाय, म्हणजे रेस दिली की उघडणारी हवेची गोल झडप, जरा मागेपुढे वाटलं म्हणून ते बाकीच्या दोघांशी जुळवलं आणि बसवून दिलं. मोटर सुरेख चालली.

तीन आठवड्यांनी फोन आला. परत शिंकते.

इथे मी पहिली चूक केली. तक्रार ऐकली, पण नीट ऐकली नाही. या वेळी मोटर सकाळीही वाईट होती आणि दुपारीही तेवढीच वाईट होती. हवेमुळे किंवा मिश्रणामुळे होणारं दुखणं घड्याळाबरोबर, उन्हाबरोबर बदलतं. दिवसभर सारखंच राहणारं दुखणं बहुतेकदा लोखंडात असतं, हवेत नसतं. मला हे तेव्हा सुचलं नाही. मी प्लग काढले. वरचा आणि खालचा चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचे, मधला काळा आणि ओला. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, असं म्हणून मी मधल्या कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. बटरफ्लाय पुन्हा जुळवलं, कारण ते पुन्हा किंचित हललेलं होतं. का हललं, हा प्रश्न मला पडला नाही. मोटर पुन्हा चालली. या वेळी दोन आठवडे.

तिसऱ्या खेपेला मी पेट्रोलला धरलं. तेही अगदीच वाया गेलं नाही, म्हणून सांगतो.

आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला १४.७ किलो हवा लागते; ई-२० ला सुमारे साडेतेरा. जेट तेच, पेट्रोल बदललं, तर मोटरीला आपोआप पातळ मिश्रण जातं. ई-१० च्या दिवसांत लावलेली सेटिंग आज चार-एक टक्क्यांनी पातळ निघते. उलट नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथली हवा कोकणापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ, त्यामुळे मालवणला लावलेली मोटर इथे जराशी श्रीमंत, म्हणजे जादा पेट्रोल खाणारी निघते. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. म्हणून मेन जेट बदलायच्या भानगडीत मी पडलो नाही. तुम्हीही, एवढ्याच उंचीसाठी, पडू नका.

इथेनॉलचा खरा त्रास वेगळाच. ते हवेतलं पाणी ओढतं. टाकी अर्धी भरून पावसाळाभर ठेवली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि टू-स्ट्रोकचं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. मोटर तळातून ओढते. म्हणजे तिला पाणी मिळतं आणि ऑइल मिळत नाही. २४ लिटरच्या टाकीला ५० ला १ या प्रमाणात ४८० मिली ऑइल तुम्ही इमानेइतबारे मोजून घातलं असलं तरी पिस्टन कोरडाच. आमच्या फिल्टरच्या वाटीत चमचाभर पाणी निघालं. टाकी रिकामी केली, ताजं पेट्रोल भरलं, कनेक्टरची रबरी रिंग बदलली, नळीतला दाबायचा फुगा चालू मोटरीत चपटा होत नाही हे पाहिलं. चपटा होत असेल तर टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय, किंवा टाकीकडच्या बाजूला कुठे तरी नळी तुंबलीय. हे सगळं झालं आणि मी बटरफ्लाय तिसऱ्यांदा जुळवलं.

मोटर चार दिवस चालली.

तीन आठवडे, दोन आठवडे, चार दिवस. टूलरूममध्ये एखादा जॉब असा दर वेळी लवकर बिघडायला लागला तर मी पहिल्यांदा म्हणतो, काही तरी सैल होत चाललंय. घाण साचायला लागते तेवढाच वेळ लागतो, ती दर वेळी घाई करत नाही. सैल होणारी वस्तू घाई करते. हे मला चौथ्या खेपेला, घरी जेवताना, हातात भाकरी असताना सुचलं.

दुसऱ्या दिवशी अंदाज बांधणं बंद केलं आणि मोजायला घेतलं. सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबापासून. तिन्ही प्लग काढून, रेस पूर्ण उघडी ठेवून, गेज लावून मोटर फिरवली: ११८, १२०, ११५ पीएसआय. तिन्हींत दहा टक्क्यांच्या आतला फरक असेल तर इंजिनाचं पोट ठीक आहे असं धरायला हरकत नाही. एखादं सिलिंडर २० पीएसआयने खाली असतं तर कार्ब्युरेटरला हात लावणं हे मेलेल्या बैलाला चाबूक मारण्यासारखं झालं असतं.

मग मोटर आयडलला चालू ठेवून एकेक सिलिंडर बंद करून पाहिलं. यात एक धोका आहे. या मोटरींना सीडीआय इग्निशन, म्हणजे ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट असतं. प्लगची वायर काढून हवेत लोंबती ठेवली तर ठिणगीला जायला जागा मिळत नाही आणि महागाचं युनिट जळू शकतं. म्हणून मोटर बंद करायची, त्या सिलिंडरची वायर क्लिप लावून इंजिनाच्या बॉडीला अर्थ करायची, आणि मग चालू करायची. वरचं सिलिंडर बंद केलं, मोटर जवळजवळ गळाठली. खालचं बंद केलं, तेच. मधलं बंद केलं आणि काहीच फरक पडला नाही. मधलं सिलिंडर आयडलला फुकट पगार घेत होतं.

ठिणगी बघितली, तिन्हीकडे सारखी निळी. राहिला कार्ब्युरेटर.

या वेळी तिन्ही सुटे न करता, त्यांना जोडणाऱ्या लिंकसकट एका पट्टीत उतरवले आणि ट्यूबलाइटसमोर धरले. हे मात्र प्रत्येकाने एकदा करून बघावं असं दृश्य आहे. आयडलचा स्क्रू लावलेलाच ठेवला होता, म्हणजे बटरफ्लाय केसभर उघडी असायला हवीत. वरच्यातून नखाच्या कोरीएवढा उजेड. खालच्यातून तेवढाच. मधल्यातून काळोख.

तेव्हा सगळं एका ओळीत आलं. मधल्याचं बटरफ्लाय मागे पडत होतं. आयडलला ते पूर्ण बंद, म्हणून हवा कमी, म्हणून प्लग काळा. मी काळा प्लग बघून त्याचं पेट्रोल कापलं होतं. मग रेस देताना बटरफ्लाय उशिरा का होईना उघडायचं, हवा एकदम यायची, पेट्रोल मात्र मी कापलेलं, आणि ते सिलिंडर शिंकायचं. पूर्ण रेसला बटरफ्लाय चार-पाच अंश मागे असलं तरी हवेला फारसा फरक पडत नाही, म्हणून टॅकोमीटर साळसूद. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे पिस्टन तापणं. आणखी महिनाभर तसंच चाललं असतं तर शिंकेऐवजी पिस्टनला भोक ऐकायला मिळालं असतं.

आता बटरफ्लाय मागे का पडतं? प्रत्येक बटरफ्लायच्या दांड्यावर एक लिव्हर असतो, आणि लिव्हर दांड्याला एका छोट्या स्क्रूने आवळलेला असतो. जुळवायचं असलं की हा स्क्रू सैल करायचा, बटरफ्लाय बंद धरायचं, स्क्रू आवळायचा. मी तेच केलं होतं, तीनदा. चौथ्यांदा करताना पहिल्यांदा हाताकडे लक्ष दिलं. स्क्रू आवळतोय, तो फिरतोय, पण चावत नाहीये. आवळताना शेवटी जो एक घट्टपणा मनगटाला कळतो, तो येतच नव्हता. पितळी आटे, जास्त जोर नको, म्हणून मी दर वेळी तेवढ्यावर सोडून दिलं होतं.

मालवणला, जिथून मोटर आणली तिथल्या जुन्या मेकॅनिक काकांना फोन लावला. म्हटलं, काका, मधल्या लिव्हरच्या स्क्रूचे आटे गेलेत वाटतं, नवीन मिळेल का? पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "खंयच्या बाजून फिरवतंस?"

म्हटलं, नेहमीसारखा, उजवीकडे.

"अरे, तो उलटो असा!"

उलट्या आट्यांचा. उजवीकडे फिरवला की सैल होतो, डावीकडे फिरवला की आवळतो. डिसेंबरात तो मला 'जाम' वाटला होता, कारण मी त्याला सोडवायच्या नावाखाली आणखी आवळत होतो. मग ऑइल मारून इकडे-तिकडे हलवताना तो उजवीकडे सुटला. आणि काम झाल्यावर मी तो 'घट्ट' केला, म्हणजे आणखी दीड आटा सैल केला. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत आणखी थोडा. लिव्हर दांड्यावर नुसता घर्षणाने धरून होता, आणि मोटरीची थरथर त्याला हळूहळू सरकवत होती. पहिली तक्रार थंडीची आणि डिंकाची होती. त्यापुढच्या तिन्ही माझ्या हातच्या.

टूलरूममधल्या माणसाने ही गोष्ट कुणाला सांगू नये. बेंच ग्राइंडरच्या डाव्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असतो हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. मॅन्युअल माझ्या मोबाइलमध्ये होतं. त्या पानावर एका ओळीत लिहिलेलंही होतं.

सगळ्या मोटरींत असं नसतं. काहींत सरळ आटे असतात, काहींत लिव्हरऐवजी लांबी बदलता येणारा दांडा आणि लॉकनट असतो. म्हणून हात लावण्याआधी आपल्याच मॉडेलचं मॅन्युअल उघडा, आणि स्क्रू आवळताना तो चावतो की नाही हे मनगटाला विचारा. अजून एक गोष्ट: जपानी मोटरींच्या या छोट्या स्क्रूंना आपला साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर नीट बसत नाही, वर उसळतो आणि डोकं खाऊन टाकतो. जपानी मापाचा ड्रायव्हर वेगळा मिळतो, तो घ्या.

आता जुळवणी मी कशी केली ते सांगतो. किल स्विचची दोरी काढली, हवा आत येते तिथल्या सायलेन्सरचं कव्हर उतरवलं. रेसच्या कॅमपासून, म्हणजे केबलने फिरणाऱ्या तुकड्यापासून, रोलर सुटा केला, म्हणजे केबलचा ताण बटरफ्लायवर येणार नाही. आयडलचा स्क्रू किती फेरे आहे ते मोजून लिहून ठेवलं आणि तो पूर्ण मागे घेतला. आमच्या मोटरीत खालचा कार्ब्युरेटर पायाचा, त्याला जुळवायचा स्क्रू नाही. वरचे दोघे त्याच्याशी जुळतात. वरचा आणि मधला स्क्रू सैल केले, उजवीकडे. तिन्ही बटरफ्लाय दोन-तीनदा उघडून आपल्या स्प्रिंगने 'टक्' करून बंद होऊ दिली. टक् आवाज तिन्हींचा सारखा यायला हवा. एखादं बटरफ्लाय आळसावून बंद होत असेल तर दांड्यात डिंक आहे किंवा दांडा झिजलाय, आणि ते आधी बघायचं. मग एका बोटाने बटरफ्लाय बंद धरून, लिंकमधली ढील हलकेच काढून, स्क्रू डावीकडे आवळला. आवळताना दांडा स्वतःच थोडा पिळला जातो, म्हणून बोट शेवटपर्यंत काढायचं नाही.

तपासायला ट्यूबलाइट सर्वांत छान, पण कार्ब्युरेटर बसवल्यावर मागे रीड व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणारी पातळ पात्यांची झडप असते, उजेड पलीकडे जात नाही. तेव्हा कागद. सिगारेटच्या कागदासारख्या पातळ कागदाच्या तीन लांब पट्ट्या कापल्या, प्रत्येक बटरफ्लायच्या कडेखाली एकेक चिमटली, दुसरं टोक चांगलं हातभर बाहेर ठेवलं, म्हणजे इंजिन ती गिळणार नाही. मग लिव्हर अगदी सावकाश उघडत तिन्ही पट्ट्या हलक्या ओढत राहिलो. तिन्ही एकाच क्षणी सुटल्या पाहिजेत. पहिल्या वेळी मधली पट्टी उशिरा सुटली, परत जुळवलं. दुसऱ्यांदा तिन्ही एकदम हातात आल्या. पूर्ण रेसला तिन्ही बटरफ्लाय आडवी होतात ना, तेही डोळ्यांनी पाहिलं.

नाशिकच्याच द्वारका चौकातला एक ओळखीचा बाइक मेकॅनिक म्हणाला, भाऊ, व्हॅक्यूम गेज लावा, दोन मिनिटांचं काम. त्याच्या चार-स्ट्रोक बाइकवर ते बरोबर आहे. चार-स्ट्रोक आउटबोर्डलाही, जर तिला कार्ब्युरेटर असतील तर, इनटेकवर गेज लावायची छिद्रं असतात आणि तिथे एक कार्ब्युरेटर पायाचा धरून बाकीच्यांचा व्हॅक्यूम त्याच्याशी जुळवतात. पण टू-स्ट्रोक क्रँककेसमधून, रीड व्हॉल्व्हमधून श्वास घेतो, आणि अशा बहुतेक मोटरींना गेज लावायला जागाच नसते. इथे जुळवणी बटरफ्लायची, यांत्रिक.

कॅम आणि रोलर परत जोडताना एक राहून जातं. रेस दिली की एकाच लिंकवर दोन गोष्टी होतात: इग्निशनचं टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडते, आणि बटरफ्लाय उघडायला लागतं. या दोन्हींचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, रोलर कॅमवरच्या खुणेपाशी आला की बटरफ्लाय उचलायला सुरुवात. तो चुकला तर कार्ब्युरेटर कितीही छान जुळवा, आयडलवरून उठताना मोटर अडखळणारच. टायमिंग लाइट लावून हे एकदा बघून घ्या.

मग मिश्रण. तिन्ही स्क्रू अगदी हलक्या हाताने बसेपर्यंत आत घेतले आणि सव्वा फेरा बाहेर. जोराने आत दाबला तर स्क्रूचं टोक त्याच्या बसायच्या जागेत खाच पाडतं आणि मग तो कार्ब्युरेटर कधीच सेट होत नाही. सव्वा हा आमच्या मोटरीचा आकडा; तुमचा वेगळा असेल. शिवाय स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर सहसा आत घेतल्यावर पेट्रोल कमी होतं, आणि हवा येते त्या तोंडाच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, आत घेतल्यावर उलट श्रीमंत होतं. हे न बघता फिरवणारे मी पाहिलेत.

सुरुवातीला मी सगळं टेस्टिंग घरामागे २०० लिटरच्या ड्रममध्ये करायचो. चालू होते का, पाण्याची धार पडते का, एवढ्यासाठी ड्रम ठीक आहे. पाण्याशिवाय मात्र क्षणभरही चालवू नका, पंपाचा रबरी इम्पेलर जळतो. पण सेटिंगसाठी ड्रम फसवतो. धूर प्रोपेलरमधून पाण्यात सुटतो, ड्रमच्या तोंडाशी गोळा होतो, आणि मोटर आपलाच धूर परत ओढते. पाणी ढवळून फेसाळतं, प्रोपेलरला खरा भार मिळत नाही. पाणी देणारे नळीचे रबरी कप लावून चालवली तर एक्झॉस्टवर पाण्याचा दाबच नसतो. म्हणून शेवटचं सेटिंग धरणावर, बोट पाण्यात, गिअर टाकलेला.

आम्ही बोट जेट्टीला दोन दोरांनी बांधली, एक माणूस किल स्विचची दोरी मनगटाला बांधून हँडलवर, मागे कुणीही नाही. पाच-सात मिनिटं गरम केली. मग पुढच्या गिअरमध्ये, आयडलला, मधल्या कार्ब्युरेटरचा स्क्रू एक अष्टमांश फेरा आत. थांबलो. इथे थांबणं महत्त्वाचं आहे. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल साठलेलं असतं, बदल दिसायला पंधरा-वीस सेकंद जातात. घाई करणारा माणूस एक फेरा पुढे निघून जातो आणि मग मोटरीला शिव्या देतो. शिंक आली की तिथून पाव फेरा बाहेर. असं तिन्हींचं, एकेक. नंतर रेस एकदम उघडून पाहिली. शिंकली तर तिन्ही आणखी एक अष्टमांश बाहेर. आमचं तिन्हींचं दीड फेऱ्यावर स्थिरावलं, ई-२० ला आणि जानेवारीच्या थंडीला धरून. शंका आली तर जरा श्रीमंत ठेवा. प्लग काळे पडतील, पुसता येतात. आयडल आरपीएम सगळ्यांत शेवटी, आणि तोही गिअरमध्ये बघून. आधी आयडल वाढवून शिंक लपवण्याचा मोह होतो. तसं केलं की गिअर टाकताना 'खट्' करून दात आपटतात, आणि पुढचा खर्च गिअरबॉक्सचा.

सेटिंगनंतर सिलिंडर बंद करून पाहायची तीच तपासणी पुन्हा केली. तिन्ही वेळा मोटर सारखीच गळाठली.

स्क्रू आवळल्यावर त्याच्या डोक्यापासून लिव्हरपर्यंत बायकोच्या लाल नेलपेंटची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. आता दर रविवारी पोरं सराव संपवून वर येतात तेव्हा त्यांच्यातला एक जण कव्हर उघडून रेघ बघतो. तीन महिने झाले, सलग आहे.

सकाळच्या पहिल्या स्टार्टला मोटर अजून एकदा शिंकते, पण ती शिंक वेगळी आहे. हँडलवरचा पोरगा चोक फार लवकर ढकलून बंद करतो. त्याला मी रोज सांगतो, तो रोज मान डोलवतो.